शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत: नोंदणी कशी करावी आणि वर्षभराच्या प्रशिक्षणाचा आराखडा कसा आखावा?

अंबड_शीटमेटल (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना असून त्यासाठी लागणारी डाय (पत्रा कापण्या-वाकवण्याचे साचे), जिग आणि फिक्स्चर (जॉब जागेवर धरून ठेवणारी साधने) आम्ही स्वतःच तयार करतो. पगारपत्रकावर २६ जण आहेत, आणि ठेकेदारामार्फत आलेले १४ जण वर्षभर आमच्याकडेच कामाला असतात. आमच्या टूलरूमचा सगळा भार ज्या फिटरवर आहे, ज्यांना लहानथोर सगळे ‘मामा’ म्हणतात, ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांच्या हाताखाली यावे म्हणून गेल्या सहा महिन्यांत आम्ही आयटीआय झालेली तीन मुले घेऊन पाहिली. परंतु ड्रॉइंग वाचून सरफेस प्लेटवर हाइट गेजने रेखांकन करण्याइतका सराव त्यांतील एकालाही नव्हता, आणि शिकवायला आमच्याकडे कोणतीच व्यवस्था नव्हती, त्यामुळे तिघेही सोडून गेले.

आता शिकाऊ उमेदवारी योजनेखाली रीतसर नोंदणी करून मुले घ्यावीत असा विचार आहे. पहिली शंका अशी की २६ माणसांच्या कारखान्याला हा कायदा बंधनकारक आहे का, की हे सर्वस्वी आमच्या इच्छेवर आहे? दुसरे, नोंदणीपासून करारापर्यंतचा क्रम कसा असतो? तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या सल्लागाराने प्रशिक्षणाचा आराखडा म्हणून एक पान पाठवले आहे, आणि त्यात ‘महिना १ ते १२ : फिटिंगची कामे’ एवढेच लिहिले आहे. एवढ्याने भागते का? तसेच इतर कामगारांप्रमाणे या मुलांनाही उत्पादनाच्या इन्सेन्टिव्हमध्ये घेतले तर त्यांना चार पैसे अधिक मिळतील असे वाटते. ते चालेल का?

मनुष्यबळ_चाकण

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर आपल्याच प्रश्नात दडलेले आहे. २०१९ मध्ये शिकाऊ उमेदवारी नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, आणि हे मनुष्यबळ मोजताना ठेकेदाराची माणसेही धरली जातात. म्हणजे आपली संख्या २६ नसून ४० आहे. एकूण मनुष्यबळाच्या २.५ टक्के ते १५ टक्के या मर्यादेत उमेदवार घ्यायचे असतात. आपल्या बाबतीत ही संख्या किमान १ आणि कमाल ६ इतकी होते. माझ्या पाहण्यात ज्या लहान कारखान्यांना नोटीस आली, त्यांतील बहुतेकांनी ठेकेदाराची माणसे धरलीच नव्हती, म्हणून हे आधी सांगितले. मूळ कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्यातील तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली आणि भरल्या न गेलेल्या जागांसाठी दरमहा दंड ठेवला.

आता क्रमाविषयी. आपण केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर आस्थापना म्हणून नोंदणी करावी. त्यासाठी कारखान्याचे पॅन, जीएसटी आणि उद्यम नोंदणीचे तपशील, बँक खात्याची माहिती आणि मनुष्यबळाचा आकडा हाताशी ठेवावा. त्यासाठी जो ईमेल आणि मोबाइल क्रमांक द्याल, तो कारखान्याचाच असावा, सल्लागाराचा नसावा; सल्लागार बदलला की पोर्टलची किल्ली त्याच्याबरोबर जाते आणि नंतर फार धावपळ होते. नोंदणी मान्य झाली की आपल्याला रिक्त संधी जाहीर करता येते, म्हणजे कोणत्या व्यवसायासाठी (ट्रेडसाठी), किती जागा, कोणत्या ठिकाणी आणि किती विद्यावेतनावर हे तिथे नोंदवता येते. उमेदवार स्वतः आपल्या नावाने पोर्टलवर नोंदणी करून अर्ज करतो. आपण त्याची निवड केली की करारपत्र तिथेच तयार होते आणि दोन्ही बाजूंनी ते मान्य करायचे असते. उमेदवार अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाने करार करावा लागतो. किमान वय १४ असले तरी धोकादायक उद्योगांसाठी ते १८ आहे. पॉवर प्रेसवर काम असलेल्या कारखान्याने वयाची १८ वर्षे पूर्ण झालेलीच मुले घ्यावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

कराराचे तपशील पोर्टलवर सात दिवसांत नोंदवावे लागतात. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला (हा सरकारी अधिकारी, आपला खासगी सल्लागार नव्हे) काही आक्षेप असेल तर त्याने तो पंधरा दिवसांत कळवायचा असतो आणि तीस दिवसांत कराराची नोंदणी करायची असते. आपल्या जिल्ह्यात हे काम पाहणारे मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र सहसा शासकीय आयटीआयच्या आवारातच असते. पोर्टलसमोर बसण्यापूर्वी एकदा तिथे प्रत्यक्ष जाऊन या. तिथल्या अधिकाऱ्यांना आपल्या वसाहतीतील इतर कारखाने ठाऊक असतात, आणि कोणत्या आयटीआयमधून फिटर, टर्नर किंवा टूल अँड डाय मेकरची तुकडी नुकतीच बाहेर पडली आहे हेही त्यांच्याकडून कळते.

आणखी एक खुलासा करतो, कारण हल्ली वसाहतीत दर दुसरा मालक यात गोंधळतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आणि ही शिकाऊ उमेदवारी वेगळी आहे. त्या योजनेतील प्रशिक्षणार्थी ठेवल्याने १९६१ च्या कायद्याखालील आपले बंधन पूर्ण होत नाही.

निवृत्त_शिल्पनिदेशक

मी आयटीआयमध्ये फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो आणि शिकाऊ उमेदवारांच्या परीक्षेसाठी अनेक कारखान्यांत गेलो आहे. म्हणून आपल्या तिसऱ्या शंकेविषयी सविस्तर लिहितो.

‘महिना १ ते १२ : फिटिंगची कामे’ हा प्रशिक्षणाचा आराखडा होऊ शकत नाही. शिकाऊ उमेदवारीच्या करारात कारखाना दोन गोष्टींचे वचन देतो, विद्यावेतनाचे आणि शिकवण्याचे. या पानावर त्यातील दुसऱ्या वचनाचा मागमूस नाही. निर्दिष्ट व्यवसायांसाठी, म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा व्यवसायांसाठी, केंद्र सरकारचा ठरलेला अभ्यासक्रम असतो. तो उतरवून घ्या आणि त्यातील एकेक कौशल्यासमोर आपल्या कारखान्यातील यंत्र, तिथे शिकवणारी व्यक्ती आणि आठवडा लिहीत चला. ज्या कौशल्यासमोर आपल्याला काहीच लिहिता येणार नाही, ते कौशल्य आपल्या कारखान्यात मिळत नाही, हे तिथल्या तिथे कळेल. आपल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असेल तर हायड्रॉलिक्स येईल. पण न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारे) सर्किट नसेल, तर त्यासाठी शेजारच्या कारखान्याशी किंवा आयटीआयशी आधीच बोलून चार-सहा दिवसांची सोय करावी लागेल.

दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलाला मूलभूत प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागत नाही. त्याचे एक वर्ष प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचे असते. ते वर्ष मी आपल्यासारख्या कारखान्यासाठी असे लावीन. पहिला महिना आवक मालाची तपासणी आणि स्टोअर, कारण पत्र्याची जाडी, धातूची ओळख, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि डायल इंडिकेटर हे सर्व तिथे रोज हाताखालून जाते, आणि चुकले तरी माल वाया जात नाही. त्यानंतरचे दोन महिने टूलरूमच्या बाकावर: रेखांकन, करवतकाम, कानस, ड्रिलिंग, रीमिंग, टॅपिंग. आयटीआयमध्ये हे शिकलेले असते, पण ते सरावाच्या तुकड्यावर शिकलेले असते. जो जॉब उद्या प्रेसवर चढणार आहे, त्यावर कानस चालवताना हात वेगळा पडतो. पुढचे तीन महिने लेथ, मिलिंग आणि सरफेस ग्राइंडर. मग तीन महिने डाय आणि फिक्स्चरची जोडणी: डॉवेल पिन बसवणे, पंच आणि डाय यांच्यामधील क्लिअरन्स (फट) राखणे, प्रेसवर डाय चढवून पहिला नग काढणे आणि त्या नगाच्या कडेला राहिलेल्या बरवरून (धारदार कंगोऱ्यावरून) डायमध्ये काय चुकले आहे हे ओळखणे. हे तीन महिने मामांचेच असले पाहिजेत. उरलेल्या तीन महिन्यांत दोन महिने देखभाल विभाग, आणि शेवटचा महिना उजळणीसाठी व परीक्षेच्या तयारीसाठी. वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते.

या सर्वांबरोबर दैनंदिनी ठेवावी. मुलाने त्या दिवशी काय केले, कोणते मोजमाप घेतले, कुठे चुकले, हे स्वतःच्या अक्षरात लिहावे, जॉबचे हाती काढलेले रेखाचित्र सोबत असावे, आणि शिकवणाऱ्याने दर शनिवारी वाचून सही करावी. शनिवारची सही सोमवारी झाली तरी चालेल, परंतु महिनाभराच्या सह्या महिनाअखेरीस एकदम करू नयेत. परीक्षक म्हणून मला त्या एका शाईच्या सह्या लांबूनच ओळखू येत असत. तात्त्विक विषयांसाठी मुलगा वर्गाला बसला तर तो वेळही कायद्याने विद्यावेतनाच्या कामाच्या वेळेतच धरला जातो, त्यासाठी त्याला सुटीच्या दिवशी बोलावू नये.

इन्सेन्टिव्हविषयी आपला हेतू चांगला आहे, पण ते करता येणार नाही. नगावर मोबदला देणे किंवा उत्पादनाच्या बोनस योजनेत सहभागी करून घेणे याला कायद्यात शिकाऊ उमेदवारांच्या बाबतीत स्पष्ट मनाई आहे, आणि प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम देण्यालाही मनाई आहे. कारण सरळ आहे. नगावर पैसे मिळू लागले की मुलगा ज्या यंत्रावर त्याचा हात बसला आहे ते यंत्र सोडत नाही आणि सुपरवायझरही त्याला सोडू देत नाही. चार पैसे अधिक द्यायचेच असतील तर किमान विद्यावेतनापेक्षा अधिक विद्यावेतन करारातच लिहा. त्याला कोणतीही आडकाठी नाही.

लेखापाल_सातारा

विद्यावेतनाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात लिहितो. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी दरमहा किमान ७,००० रुपये, पदविकाधारकासाठी ८,००० आणि पदवीधरासाठी ९,००० रुपये ठरवले होते. किमान रक्कम अधिसूचनेने बदलते, म्हणून करार करण्याच्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर पाहूनच संधी जाहीर करावी. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार देते आणि तो उमेदवाराच्या खात्यात थेट जमा होतो. ७,००० रुपयांवर २५ टक्के म्हणजे १,७५० होतात, परंतु मर्यादा १,५०० ची असल्यामुळे कारखान्याला ५,५०० रुपये द्यावे लागत. अडचण बहुधा अशी येते की मुलाचे खाते आधारशी जोडलेले नसते, सरकारचा वाटा अडतो आणि मुलाला वाटते की कारखान्यानेच पैसे कापले. म्हणून करार होण्यापूर्वी त्याला बँकेत पाठवून ही जोडणी करून घ्यावी. मागील महिन्याचे विद्यावेतन पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचे असते. हजेरीचे मस्टर कामगारांच्या मस्टरपासून वेगळे ठेवा. कायद्याच्या दृष्टीने तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि भविष्य निर्वाह निधीची कपात त्याला लागू होत नाही. मात्र कामावर असताना इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाचीच राहते, आणि कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू होतात. त्यामुळे आपल्या विमा पॉलिसीत शिकाऊ उमेदवारांचा उल्लेख आहे की नाही हे आजच तपासा.

अंबड_शीटमेटल

सर्वांचे मनापासून आभार. ठेकेदाराची माणसे मोजायची असतात हे आम्हाला खरोखरच माहीत नव्हते. विमा पॉलिसी काढून पाहिली. तीत शिकाऊ उमेदवारांचा उल्लेख नाही, तो घालून घेत आहोत.

दोन शंका उरल्या आहेत. शिल्पनिदेशक सरांनी तीन महिने मामांकडे द्यायला सांगितले आहेत, पण मामा सातवी शिकलेले आहेत आणि त्यांच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही. मग प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव देता येईल का? दुसरे, एक मुलगी प्रेस शॉपसाठी घ्यावी असे मनात आहे. ती बारावी उत्तीर्ण आहे, आयटीआय झालेली नाही. तिला या योजनेत घेता येईल का?

मनुष्यबळ_चाकण

कायद्याची अपेक्षा अशी आहे की मालक स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल तर विहित पात्रता असलेली व्यक्ती प्रशिक्षणाची प्रभारी असावी. आपल्या टूलरूममध्ये पदविकाधारक अभियंता असेल तर त्याला प्रभारी नेमा. आराखडा, दैनंदिनीवरील सह्या आणि पोर्टलवरील नोंदी ही त्याची जबाबदारी राहील. बाकावर उभे राहून शिकवण्याचे काम मामांनी करावे, त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. मात्र मामांना या कामासाठी रोज ठरावीक वेळ मोकळा द्या आणि तो त्यांच्या कामाच्या मोजणीत धरा. उत्पादनाचा पूर्ण बोजा तसाच ठेवून वर मुले सोपवली, तर कितीही मायाळू माणूस असला तरी तो त्यांना दूर बसवतो.

बारावी उत्तीर्ण उमेदवार घेता येतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर निर्दिष्ट व्यवसायांखेरीज वैकल्पिक व्यवसायही आले आहेत. त्यांचा अभ्यासक्रम क्षेत्रीय कौशल्य परिषदेचा असू शकतो किंवा कारखाना स्वतःही तयार करू शकतो, आणि कालावधी ६ ते ३६ महिन्यांचा असतो. प्रेस ऑपरेटरसारख्या कामासाठी हा मार्ग योग्य ठरेल. परंतु तिने आयटीआय केलेला नसल्यामुळे मूलभूत प्रशिक्षणाचा काळ आराखड्यात दाखवावाच लागेल, आणि त्या काळात तिला चालू प्रेसवर बसवू नये. पुढे कधी पदविका किंवा पदवी घेतलेला अभियंता शिकाऊ म्हणून घ्यायचा झाला तर तो मार्ग निराळा आहे. तिथे मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाशी आणि शिक्षण मंत्रालयाच्या वेगळ्या पोर्टलशी संबंध येतो.

भोसरी_टूलरूम

मी मालक नाही, टूलरूममध्ये सुपरवायझर आहे, आणि एकेकाळी शिकाऊ उमेदवार होतो. ज्या कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागलो तिथे माझा करार फिटरचा होता, पण बारा महिन्यांपैकी जवळजवळ नऊ महिने मी एकाच ड्रिलिंग मशीनवर होतो. एका ब्रॅकेटला चार भोके पाडायची आणि पेटीत टाकायचे. विद्यावेतन वेळेवर मिळत होते, कोणी वाईट वागत नव्हते, आणि कागदावर माझे प्रशिक्षण सुरळीत चालले होते. परीक्षेत चौकोनी खाचेत बसणारा जोड करायला दिला, तेव्हा मला कानस सपाट धरता येत नव्हती. पहिल्या वेळी मी नापास झालो. वडील शेतावर मजुरी करत होते. त्या एका वर्षासाठी त्यांनी घरातले काय काय पुढे ढकलले होते ते मला ठाऊक होते, आणि निकाल त्यांना सांगताना तोंडातून शब्द फुटत नव्हता.

म्हणून शिल्पनिदेशक सरांच्या आराखड्यात मी एका गोष्टीची भर घालीन. आराखड्याची प्रत मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी द्या आणि ती टूलरूमच्या भिंतीवरही लावा. चौथा महिना उजाडला आणि मुलगा अजून स्टोअरमध्येच असेल, तर ते त्याला दिसले पाहिजे, मामांना दिसले पाहिजे आणि येताजाता आपल्यालाही दिसले पाहिजे. माल वेळेत पाठवायची घाई असते तेव्हा सुपरवायझर पहिल्यांदा शिकाऊ मुलालाच ओढतो; मी स्वतः ते केले आहे. भिंतीवर कागद असला की ओढताना त्याला निदान कारण द्यावे लागते, आणि ते दिवस पुढे भरून देता येतात.

आणि मुलांना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही, परंतु शिकाऊ उमेदवारांना कामावर घेण्याविषयी आपले धोरण मालकाने ठरवायचे असते. ते धोरण लेखी असू द्या. दोन जागा आहेत की एकही नाही, हे मुलाला आरंभीच कळले तर तो त्याप्रमाणे आपले वर्ष लावतो.

निवृत्त_शिल्पनिदेशक

भोसरीच्या सुपरवायझरांनी लिहिलेली गोष्ट मी परीक्षेच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने अनेकदा पाहिली आहे. मुलगा नापास होतो, पण त्याच्या उत्तरपत्रिकेवर कारखान्याचे नाव नसते. अंबडकरांना एक विनंती आहे: सहा जागा मिळतात म्हणून सहा मुले घेऊ नका. एका मामांच्या हाताखाली पहिल्या वर्षी दोनच मुले नीट तयार होतील.

अंबड_शीटमेटल

सर, आपल्या म्हणण्याप्रमाणे फिटरच्या दोन जागा आणि प्रेस ऑपरेटरची एक, एवढ्याच जाहीर करणार आहोत. आज सकाळी केंद्रात जाऊन आलो. फिटरची तुकडी नुकतीच उत्तीर्ण झाली असून तेथील अधिकाऱ्यांनी मुलांना कारखाना पाहायला पाठवण्याचे मान्य केले आहे. आमचे पदविकाधारक अभियंते प्रभारी राहतील, आणि मामांच्या कामातून रोज सकाळचे दोन तास मोकळे केले आहेत.

दुपारी मामांबरोबर बसून अभ्यासक्रमातील एकेक ओळ वाचली आणि प्रत्येकीसमोर यंत्राचे नाव लिहिले. अकरा ओळी कोऱ्या राहिल्या. त्यांतील बहुतेक न्यूमॅटिक्सच्या आणि पाइप फिटिंगच्या आहेत. डायच्या जोडणीला तीन महिने पुरणार नाहीत, चार लागतील, असे मामांचे ठाम म्हणणे आहे, आणि तो चौथा महिना मिलिंगमधून काढायचा की देखभालीतून यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. उद्या पूर्ण आराखडा इथे देतो, सरांनी कृपया तो एकदा पाहावा.